तुमचं गाव ओटीवरचं, वहिनींचं गाव चुलीपाशचं

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत):

"वय 57, डोंबिवलीत राहतो. एका खाजगी कंपनीत अकाउंट्सला 33 वर्षं झाली, पुढच्या जूनअखेर रिटायर होईन. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून 57 लाखांच्या आसपास येतील, 12 लाखांच्या एफडी आहेत, ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतची, पेन्शन पावणेपाच हजार बसेल असं ऑफिसात सांगितलं. टू बीएचके फ्लॅट आहे, लोन फिटलंय, 75 लाखांपर्यंत जाईल असं एजंट म्हणतो. गाव संगमेश्वर तालुक्यात. आयुष्यभर एकच स्वप्न होतं, रिटायर झालो की गावी जायचं. फ्लॅट विकून 22 लाखांत गावी घर बांधायचं, हापूसची कलमं लावायची, शांतपणे जगायचं. मुलगा 29 वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे, त्याला फ्लॅटसाठी 15 लाख हवेत ते पण त्यातूनच देईन. मुलीचं लग्न झालंय, नाशिकला असते. डोंबिवलीत महिन्याला 38 हजार लागतात, गावात खर्च कमीच. सगळं जुळतंय पण बायको (53) तयार नाही. कारणही नीट सांगत नाही, 'तुम्ही जा, मी येऊन जाऊन राहीन' एवढंच म्हणते. घरी ब्लाउज शिवते त्यात तिचा वेळ जातो, भजनी मंडळ आहे, तिची आई ठाकुर्लीला असते. एवढी वर्षं घरासाठीच केलं, माझ्या एका इच्छेला ती साथ देत नाही याचं वाईट वाटतं. तिला कसं समजावू?"

दादा,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. एक तर बरं वाटलं की अजून अकरा महिने हातात असताना तुम्ही विचार करताय, नाहीतर बहुतेकांचा रिटायरमेंटचा विचार निरोप समारंभाची शाल घरी आणून कपाटात ठेवली की मग सुरू होतो. कर्ज नाही, 69 लाख हातात येणार, मुलं मार्गी लागलेली, हे सगळं तुम्ही दोघांनी मिळून उभं केलंय आणि ते लहान काम नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न आहे ना, तिला कसं समजावू, त्याच्यापाशीच मी अडकले. त्यात असं धरून चाललंय की प्लॅन तयार आहे, बरोबर आहे, आता फक्त वहिनींच्या सहीचं बाकी आहे. मला वाटतं प्लॅन अजून अर्धाच झालाय, उरलेला अर्धा वहिनींकडे आहे आणि तो त्यांना कोणी विचारलेला नाही.

जरा एक हिशोब करू, तुम्ही अकाउंट्सवाले आहात म्हणून मुद्दाम. या 33 वर्षांत गावी तुम्ही एकूण किती दिवस राहिलात? मे महिन्यात आठ-दहा दिवस, गणपतीत पाच-सहा, एखाद्या वर्षी शिमग्याला पालखी नाचवायला. वर्षाला पंधरा धरा. म्हणजे तेहतीस वर्षांत मिळून पाचशे दिवस, दीड वर्ष पण पूर्ण होत नाही. आणि ते दिवस कसले, तर आंबे-फणसाचे, आरतीचे, सगळे भाऊबंद जमलेले. जुलैत नदीला पाणी आलंय, दोन दिवस लाइट नाही, कपडे वाळत नाहीत, आळीत अर्ध्या घरांना कुलूप, असे दिवस बहुतेक तुम्ही लहानपणानंतर बघितलेच नसणार. म्हणजे ज्या गावाची ओढ आहे ते सुट्टीतलं गाव आहे. ती ओढ खोटी आहे असं मी अजिबात म्हणत नाही, माझं पण माहेर कोकणातलंच, मे महिन्यात पहिला फणस फोडल्याचा वास आला की मला अजून भरून येतं.

आता त्याच पाचशे दिवसांत वहिनी कुठे होत्या ते आठवून बघा. तुम्ही ओटीवर, पत्ते, गप्पा, संध्याकाळी खळ्यात खुर्च्या टाकून. त्या आत. बारा-पंधरा माणसांच्या भाकऱ्या, उकडीचे मोदक, दुपारच्या चहाचं आधण उतरलं की संध्याकाळच्या नारळांची खोवणी, रात्री सगळे झोपल्यावर मोरीत भांडी. गौरी आणायच्या त्या बायकांनीच, जागरण करून सकाळी उठायचं ते पण त्यांनीच. त्यांनी कधी कुरकुर केली नसेल, उलट हौसेनेच केलं असेल, पण पंधरा दिवस संपून डोंबिवलीच्या घराचं कुलूप उघडल्यावर त्यांनी जो श्वास सोडला असेल तो तुम्हाला ऐकू आला नसेल. एकाच घरात तुम्ही दोघं दोन वेगवेगळ्या गावांना जात होता. तुम्ही त्यांना बोलावताय तुमच्या गावात आणि त्यांना दिसतंय ते त्यांचं गाव, फरक एवढाच की आता बारा महिने. आणि गावात राहतं घर एकच आपलं म्हटल्यावर मे महिन्यात, गणपतीत सगळे चाकरमानी उतरणार कुठे? तुमच्याकडेच. तुम्हाला आनंद होईल, होऊदे, पण ताटं कोण वाढणार?

म्हणून मला नाही वाटत त्या कारण सांगत नाहीयेत. "तुम्ही जा, मी येऊन जाऊन राहीन", हेच त्यांचं उत्तर आहे आणि ते नकाराचं नाहीये. तुम्हाला अडवायचंच असतं तर त्यांनी आजारपण काढलं असतं, आईचं वय काढलं असतं, मुलांना मध्ये घातलं असतं. त्या म्हणतायत की तुमची इच्छा पुरी करा, फक्त माझं इथलं सगळं मोडायला लावू नका. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईने एवढं म्हणणं म्हणजे साथ नाही असं कसं म्हणायचं?

"घरी ब्लाउज शिवते, त्यात तिचा वेळ जातो", हे तुमचं वाक्य मला लागलं, खरंच सांगते. त्यातून महिन्याला किती मिळतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, बाकी सगळे आकडे अगदी हजारापर्यंत आहेत. ते पैसे भाजीत, दुधात, नातेवाईकांच्या आहेरात, मुलीच्या डोहाळजेवणात कधी विरघळले ते कोणी मोजलंच नाही. पण ते काम म्हणजे त्यांची चाळीस-पन्नास गिऱ्हाइकं आहेत, नवरात्र-लग्नसराईची घाई आहे, "काकू तुमच्या हातचंच बसतं" म्हणणाऱ्या पोरी आहेत. तुमची नोकरी जूनमध्ये संपणार, पण त्यांचं काम तेव्हा ऐन भरात असणार. 53 म्हणजे काय वय आहे हो. तुम्ही रिटायर होताय म्हणून त्यांनीही व्हायचं असं आपण न बोलता धरून चालतो, आणि गंमत अशी की ज्या कामातून त्यांना रिटायर व्हायला आवडेल, म्हणजे दोन वेळचा स्वयंपाक, ते काम मात्र गावी जाऊन वाढणार. मला वाटतं समजावण्याच्या आधी हे एकदा विचारा, तुला कशातून रिटायर व्हायचंय? आणि विचारून झाल्यावर लगेच उत्तर देऊ नका, दोन दिवस जाऊ द्या.

एक करून बघा. दोघांनी वेगवेगळे कागद घ्या आणि रिटायर झाल्यानंतरचा एक साधा मंगळवार लिहा. सणाचा नाही, रविवार नाही, जुलैतला मंगळवार. उठल्यापासून झोपेपर्यंत, तासातासाने, कुठे आहोत, कोणाशी बोलतोय, जेवण कोणी केलं, दुपारी दोन ते सहा काय केलं. मग कागद बदलून वाचा. माझ्याकडे पत्रं येतात त्यातल्या बऱ्याच जोडप्यांना मी हे सुचवलंय आणि बहुतेक पुरुषांचा कागद सकाळी अकरापर्यंत मस्त भरलेला असतो, वॉक, चहा, पेपर, देवपूजा, आणि मग एकदम संध्याकाळ उगवते. मधले सहा तास रिकामे. त्या सहा तासांत काय होतं ते मी स्वतः अनुभवलंय. मी बँकेतून रिटायर झाले त्यानंतर महिनाभर मी सकाळी साडेसातला डबा भरत होते. पोळी, भाजी, कोशिंबिरीची छोटी डबी. आणि एक वाजता आमच्याच डायनिंग टेबलावर बसून तो उघडून जेवत होते, कारण एक वाजता डबा उघडायचा एवढी एकच गोष्ट उरली होती जी मला माहीत होती. दिवसाला चाळीस फोन यायचे ते बंद झाले. पैशांचं मी चार वर्षं आधीपासून केलं होतं, या दुपारींचं मात्र काहीच केलं नव्हतं. मग शेजारच्या सोसायटीतल्या बायकांना बँकेचे फॉर्म, नॉमिनेशन, हयातीचा दाखला यात मदत करायला लागले आणि हळूहळू ते वाढत गेलं. ते सापडायला मला सात-आठ महिने लागले. तुमच्याकडे अकाउंट्सचा 33 वर्षांचा हात आहे, गावच्या सोसायटीचे, देवस्थानचे, बचतगटांचे हिशोब बघणारं माणूस कुठल्याही गावाला हवंच असतं, डोंबिवलीतल्या ज्येष्ठ नागरिक संघालाही हवं असतं. कलमांच्या आधी त्याचा विचार करा असं मला मनापासून वाटतं.

कलमांचं बोलायचं तर, आत्ता लावलेली हापूसची कलमं हाताशी येईल असं उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षं घेतात, म्हणजे तुम्ही 65 चे असाल. त्यात हापूस एक वर्ष आड धरतो, मोहोराच्या दिवसांत तुडतुडे-थ्रिप्स या किडींसाठी फवारण्या, अवकाळी एक सर आली की मोहोर काळा, वरून वानरं. गडीमाणूस मिळत नाही म्हणून रत्नागिरीकडच्या बागायतदारांनी नेपाळी माणसं ठेवलीयत हे तुम्हाला माहीतच असेल. घरापुरती दहा कलमं, चार नारळ, दोन काजू हौसेने करा, त्यात सुख आहे. उत्पन्न म्हणून मात्र ते कागदावर एक रुपयाही धरू नका.

आणि त्याहून मोठी गोष्ट, घर बांधणार ती जागा कोणाच्या नावावर आहे? तुमच्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही. कोकणात सातबाऱ्यावर बारा-चौदा नावं ही नेहमीची गोष्ट, आजोबांच्या नावावरून कोणी उतरवलेलंच नसतं, चुलते, त्यांची मुलं, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आत्या. 2005 नंतर मुलींचाही वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतकाच वाटा आहे. सगळे आज प्रेमाने म्हणतील, बांध रे तू, आमची कोणाची हरकत नाही. पण सामायिक जागेत स्वतःचे 22 लाख घालून बांधलेलं घर उद्या वाटपाला आलं की ते प्रेमही जातं आणि घरही. आधी सातबारा आणि आठ अ हे जमिनीचे दोन्ही उतारे ताजे काढा, रीतसर वाटप करून घ्या, नाहीतर निदान सगळ्यांचं रजिस्टर्ड संमतीपत्र, तालुक्याच्या वकिलाकडून, तोंडी नको. हे काम होईपर्यंत एक वीटही लावू नका. खरं सांगू का, नुसतं हे काम करायलाच तुम्हाला वर्ष जाईल, त्यामुळे फ्लॅट विकायची घाई आपोआपच उरत नाही.

फ्लॅटचं सांगते, आणि इथे मी जरा ठामपणे बोलणार आहे. विकू नका. आत्ता तरी नका. माझा थोरला भाऊ ठाण्याचा फ्लॅट विकून लांज्याकडे गावी गेला होता. सुंदर घर बांधलं, वर माडी, पुढे पडवी, मागे विहीर. पहिला पाऊस नव्या नवलाईत गेला, दुसऱ्या पावसात आमची वहिनी चिरे ओले असताना घसरली, गुडघ्याचं ऑपरेशन, मग फिजिओथेरपी, ती काय तिथे रोज मिळेना. परत आले तेव्हा ठाण्यातल्या त्याच रस्त्यावर, स्वतःच्या विकलेल्या फ्लॅटच्या दोन बिल्डिंग अलीकडे भाड्याने राहिले. भावाने त्या रस्त्याने जायचंच सोडलं, लांबून फिरून स्टेशनला जायचा. आता त्यांनी छान बसवलंय म्हणा, दिवाळी झाली की गावी जातात आणि मृगाच्या आत परत येतात, दोघंही खूश आहेत. पण हे आधीच सुचलं असतं तर फ्लॅट राहिला असता. गावचं घर कधीही बांधता येतं, डोंबिवलीत विकलेला फ्लॅट आठ वर्षांनी त्या पैशांत परत घेता येत नाही.

बरं फ्लॅट न विकता पैशांचं बसतं का, तर बसतं, बघा. सीनियर सिटिझन सेव्हिंग्ज स्कीम म्हणजे एससीएसएस, त्याला 60 ची अट आहे असं बरेच जण धरून बसतात, पण 55 ते 60 मध्ये रिटायर झालेल्यांना रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडता येतं, फक्त मिळालेल्या त्या रकमेपेक्षा जास्त टाकता येत नाही. मर्यादा 30 लाख, व्याज सध्या 8.2 टक्के, म्हणजे दर तिमाहीला 61,500, महिन्याला साडेवीस हजार पडले. पोस्टाच्या मंथली इन्कममध्ये दोघांच्या जॉइंट नावाने 15 लाख टाकता येतात, सध्याच्या 7.4 टक्क्यांनी महिन्याला 9,250. तुमची पेन्शन पावणेपाच. झाले साडेचौतीस हजार. तुमचा खर्च 38, म्हणजे साडेतीन हजार कमी पडतायत आणि ते कोण भरून काढतंय, तर वहिनींचं शिवणकाम. डोंबिवलीत राहिल्या तर. शिवाय 24 लाख अजून शिल्लक आहेत. त्यातले चार-पाच लाख लगेच काढता येतील असे ठेवा आणि उरलेले थोडे वाढतील अशा ठिकाणी, कारण महागाई सहा टक्के धरली तरी बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, आजचे 38 हजार तुमच्या सत्तरीत 76 होतील आणि व्याज मात्र तेवढंच राहील. सगळं एफडीत ठेवणाऱ्यांचं इथेच चुकतं. कुठल्या फंडात किती हे फी घेऊन सल्ला देणाऱ्या, सेबीकडे रजिस्टर असलेल्या माणसाला विचारा, पॉलिसी विकणाऱ्या ओळखीच्या पोराला नको. आणि अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून सगळं एकाच छोट्या बँकेत ठेवू नका, ठेवींचा विमा एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच आहे, व्याज धरून.

गावात खर्च कमी, हे पण अर्धंच खरं आहे. भाजी-दूध स्वस्त, मान्य. पण इन्व्हर्टर, गाडी आणि तिचं पेट्रोल, दरवर्षीची शाकारणी नाहीतर पत्र्याची डागडुजी, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांचं किराणा, वर्गण्या, हे सगळं जोडा. आणि औषधपाणी. देवरुखात, तालुक्याच्या गावी, दवाखाने आहेत, पण रात्री दोनला छातीत दुखलं तर रत्नागिरी नाहीतर डेरवणचं हॉस्पिटल, भर पावसात वळणावळणाच्या रस्त्याने. घाबरवत नाहीये, फक्त गाडी कोण चालवेल हे आजच ठरवून ठेवा.

मुलाचे 15 लाख. फ्लॅट विकला नाही तर हे 15 जमत नाहीत, सरळ गोष्ट आहे, आणि मला वाटतं ते त्याला तसंच सरळ सांगावं. तो 29 चा आहे, त्याच्यापुढे कमवायची तीस वर्षं आहेत, तुमच्यापुढे अकरा महिने. तीन-चार लाख प्रेमाने द्या, ते वरच्या 24 मधून निघतील, किंवा त्याला दोन वर्षं थांबायला सांगा. तुमच्या मनात कुठेतरी असं असेल की आत्ता दिलं तर पुढे तो बघेल, सगळ्यांच्याच मनात असतं. पण बघणारी मुलं न देताही बघतात आणि दिल्यामुळे बघितलं असं मी तरी फार कमी घरांत पाहिलंय. आणि मुलगी? तिचं नाव पत्रात फक्त लग्न झालंय एवढ्यापुरतंच आलं. मुलाला द्याल तेव्हा तिला काय, हे तिला कळायच्या आधी तुमचं ठरलेलं असूदे.

आता एक अवघड गोष्ट, पण तुम्ही विश्वासाने लिहिलंय म्हणून बोलते. वहिनी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत शेवटची सात-आठ वर्षं बाई एकटी काढते. ईपीएसच्या पेन्शनची निम्मी रक्कम पुढे पत्नीला मिळते, म्हणजे तुमच्या पश्चात वहिनींच्या हातात महिन्याला साधारण 2,400 रुपये. तेव्हा त्या 78-80 च्या असतील, कुठे असतील? तीन किलोमीटरवर बाजार असलेल्या गावात, आठ खोल्यांच्या घरात एकट्या, की लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये, जिथे समोरचं दार उघडलं की माणूस दिसतं? कदाचित त्या हे बोलू शकत नाहीत म्हणून कारण सांगत नाहीत, नवऱ्याच्या स्वप्नासमोर असलं कोण बोलेल. म्हणून सगळी खाती दोघांच्या नावाने, 'दोघांपैकी कोणीही' अशी करा. मृत्युपत्र करा, साध्या कागदावरही चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, रजिस्टर करणं सक्तीचं नाही पण केलेलं बरं. नॉमिनी केलाय म्हणजे झालं असं नाही, नॉमिनीला पैसे मिळतात पण वारस कोण हे वेगळं ठरतं. आणि वहिनींना नेटबँकिंग, एटीएम, पोस्टाचं पासबुक सगळं स्वतःच्या हाताने करू द्या, शिकवताना रागावू नका. फोनवर पोलीस, सीबीआय असल्याचं सांगून "डिजिटल अरेस्ट" वगैरे म्हणणारे लोक रिटायर माणसांच्या नव्या जमा झालेल्या पैशांवरच टपलेले असतात, असली अटक कायद्यात नाही, फोन ठेवून 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवायचं, हे दोघांनाही पाठ असूदे.

मेडिक्लेम. कंपनीचा आहे ना तुमचा? तो सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. सत्तरीनंतर सरकारी आयुष्मान योजनेचं पाच लाखांचं कार्ड उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, 2024 पासून, पण रिटायर झाल्यावरही तुम्हाला त्याला बारा वर्षं आहेत. आत्ता तुमच्या ग्रुप पॉलिसीवरून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का हे एचआरकडून लेखी विचारा, त्यामुळे जुन्या आजारांसाठी काढलेला वेटिंगचा काळ हिशोबात धरला जातो. नवीन घेतलीत तर आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणजे आज घ्याल ती रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी पूर्ण कामाला येईल. बीपी, शुगर जे असेल ते फॉर्मवर खरं लिहा. वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून काढलाय, तेवढा दिलासा.

असाच पेच असणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन शब्द, कारण गाव कोकणातच असतं असं नाही, कोणाला साताऱ्याच्या मळ्यावर जायचंय, कोणाला नाशिकला मुलीजवळ, तर कोणाला अमेरिकेत नातवंडांकडे सहा महिने. जिथे जायचंय तिथे सगळ्यात वाईट ऋतूत राहून बघा, अमेरिका असेल तर जानेवारीत. साठी पूर्ण झालेल्यांनी राहतं घर मुलांच्या नावावर करायचंच असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या, 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात ती पाळली नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं, पण अट लिहिलेली नसेल तर फार त्रास होतो. आणि ज्या बायका हे वाचतायत त्यांना, तुम्हाला काय हवंय ते "तुम्हाला योग्य वाटेल ते" असं म्हणून सोडून देऊ नका, तुमच्या नवऱ्यांना खरंच कळत नाहीये.

तर दादा, तुम्ही रजा शिल्लक असेल ती काढा आणि या पावसातच तीन आठवडे गावी जाऊन राहा. पहिले दहा दिवस एकटे. स्वतः स्वयंपाक करा, आमटी-भात आणि एक भाजी आली तरी पुष्कळ, भांडी स्वतः घासा, दुपार स्वतः काढा. मग वहिनींना बोलवा, त्या आल्या की त्यांना ओटीवर बसवा आणि चहा तुम्ही आणा. दिव्याहून सावंतवाडीची गाडी आहेच, एसटीला तर बायकांना 2023 पासून निम्मं तिकीट आहे, त्यांचं येऊन जाऊन राहणं काही खर्चाचं नाही. रिटायर झाल्यावर पहिलं वर्षभर फ्लॅट जसाच्या तसा ठेवून असंच जा-ये करा, जुन्या घराचीच एक खोली आणि न्हाणीघर नीट करून घ्या, कमोड आणि धरायला दांडा बसवून. वर्ष झालं की दोघांनी मंगळवारचे कागद परत लिहा. तेव्हाही दोघांना गावीच राहावंसं वाटलं तर फ्लॅट विकायच्या आधी तो वर्षभर भाड्याने द्या, करार रजिस्टर करून, आणि मग बघू.

एचआरला मेडिक्लेमचं पत्र मात्र सोमवारीच द्या.